कवडूकाकांच्या बीटमधला लाल ठिपका

आमच्या ऑफिसातली हार्डडिस्क दर सहा महिन्यांनी भरते. मग आम्ही बसून जुन्या इमेजेस डिलीट करतो, जागा होते, काम पुढे सुरू. किस्स्यांचं तसं होत नाही. ते डिलीट होत नाहीत, उलट दर चहाला त्यांची एक नवी कॉपी निघते आणि दर कॉपीत काहीतरी वाढलेलं असतं. आता मी सांगते आहे ते सगळं घडलेलं आहे. मीठ तेवढं माझं, हे आधीच कबूल करून टाकते.

तर ऑफिस म्हणजे काय, साकोलीत हायवेच्या अंगाला एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर भांड्यांवर नावं घालायचं मशीन कर्र कर्र करतं, वर आम्ही जंगल मोजतो. काम सांगायला सोपं आहे. उपग्रहाने वरून काढलेली यंदाची इमेज घ्यायची, मागच्या वर्षीच्या इमेजशी ताडून बघायची, आणि संरक्षित जंगलात माणसाने कुठे हात घातलाय ते नकाशावर लाल करायचं. जंगल हिरवं, पाणी निळं, माणूस लाल. मी सहा वर्षं माणसाला लाल करते आहे आणि माझ्या आईला अजून वाटतं की मी फोटो स्टुडिओत कामाला आहे.

आमचे साहेब महाजन. नाशिककडचे. मधमाशीला इतके भितात की भर जंगलात छत्री उघडून चालतात. तोंडात एकच वाक्य, "डेटा बोलतो." पगारवाढ मागा, सुट्टी मागा, उत्तर तेच. दुसरा आमचा ड्रायव्हर गजूभाऊ. याची सवय अशी की गाडी कुठेही थांबवली तरी तोंड घराच्या दिशेने करून ठेवायची. "वाघ आला तं रिवर्स मारत बसू का मी?" असं तो विचारतो. मग जागा असो नसो, मागे-पुढे, मागे-पुढे करून गाडी फिरवतोच. बाकी माणूस सोन्यासारखा.

आणि तिसरे कवडूकाका. एकोडीचे. ज्या जंगलाचा आम्ही नकाशा काढतो, त्यातला एक तुकडा, म्हणजे त्यांचं बीट, ते बावीस वर्षं रोजंदारीवर राखून राहिले होते. साहेबांना जंगल स्क्रीनवरून माहीत, काकांना तळपायाने. खाकी ड्रेस मात्र फक्त कायम झालेल्या माणसाला. काकांची कायम व्हायची फाईल आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा हलली, आणि काकांनी त्याच आठवड्यात टेलरकडून खाकी ड्रेस शिवून घेतला. तेव्हापासून तो पेटीत डांबराच्या गोळ्यांत पडून होता.

"एक डाव खाकी घालून एकोडीच्या चौकातून जाईन म्हंतो," ते मला सांगायचे. "मंग काही मांगत नाही बाई."

मी एकदा विचारलं, "आता घालून बघितला का?"

"पाह्यला. ढिला होते. ड्रेस हाये तेवढाच हाये, मीच कमी झालो."

निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली होती आणि फाईल पुन्हा हलली होती. अट एकच. त्या माणसाच्या बीटमध्ये निकाल न लागलेला वनगुन्हा नको. बावीस वर्षांत काकांच्या बीटमध्ये तसा एकही नव्हता. मग आम्ही आलो.

* * *

पहिल्या वर्षीचा पहिला रिपोर्ट. आम्ही सॉफ्टवेअरला शिकवलं होतं की इमेजमध्ये जे पांढरंशुभ्र चमकतं ते सिमेंटचं छत समजायचं. नेमकी इमेज मिळाली ती श्रावणातली. वर ढगच ढग. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. त्याने सगळ्या ढगांना सिमेंट समजून अर्ध्या तालुक्यावर स्लॅब टाकला.

मी म्हटलं, "साहेब, काहीतरी गडबड आहे. तलावावर पण घरं दाखवतंय."

साहेब म्हणाले, "डेटा बोलतो," आणि रिपोर्ट पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी वरून फोन. स्पीकरवरच होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला. "अहो महाजन, एवढी घरकुलं एका महिन्यात कोणत्या योजनेत बांधली? आम्हाला पण कळवा, आम्ही पण सांगू पुढे."

बाहेर धो धो पाऊस. कवडूकाका त्या दिवशी कसल्या तरी सहीसाठी आले होते, दारात पाणी निथळत उभे. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, पांढऱ्या घरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, हे घरं सकाळीच पडले जी आमच्या गावावर. धानाच्या बांध्या फुटल्या, अर्धा गाव गुडघाभर पान्यात हाये."

* * *

उन्हाळ्यात आमच्या मोबाइलवर आगीचे मेसेज येतात. जंगलात कुठे जमीन तापली की उपग्रहाला कळतं, त्याचा ठिपका आम्हाला येतो, आम्ही धावायचं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि ते पेटवणं कधी हाताबाहेर जातं, म्हणून हे धावणं गरजेचंही असतं.

त्या दिवशी ठिपका आला एकोडीच्या बाजूने, जंगलाच्या हद्दीत अगदी काठावर. आणि साधासुधा नाही, चांगला भक्कम. साहेब छत्री घेऊन पुढे, मी मागे, चार मजूर पाला उडवायची मशिनं पाठीवर बांधून. वाटेत काकांनाही गाडीत घेतलं. गजूभाऊने गाडी अशी हाणली की माझा डबा सीटखालून पुढच्या काचेपर्यंत आला.

पोहोचलो तर मांडव. लग्न. काठावरच्या मोकळ्या जागेत सात चुली पेटलेल्या, त्यावर घमेल्याएवढ्या कढया, वांग्या-आलूची भाजी रटरटत होती.

यजमान धावत आले. पाठीवर मशिनं बांधलेली माणसं बघून त्यांना वाटलं, नवरदेवाकडची बॅंडपार्टी आली. "या जी, या. आधी जेवून घ्या, मंग वाजवा."

साहेब समजावू लागले, की आम्ही सरकारी कामावर आहोत, ही हद्द आहे, इथे चूल पेटवता येत नाही. यजमान दर वाक्याला "हो जी, हो जी" म्हणत होते आणि दर "हो जी"ला साहेबांच्या हाताला धरून दोन पावलं पंगतीकडे नेत होते. पाचव्या मिनिटाला साहेब पत्रावळीसमोर बसले होते. बुंदी वाढताना कोणीतरी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर शेला टाकला. काढता येईना.

गाडीत रिपोर्टचा फॉर्म भरायला घेतला. आग विझवली का? हो, जेवणं झाल्यावर काकांनी तिथे उभं राहून चुली विझवून घेतल्या होत्या. पुढचा रकाना, आगीचं कारण. साहेब टोपीसकट विचारात पडले.

मागच्या सीटवरून काका म्हणाले, "वांगे लिवा जी. वांगे शिजाले टाइम घेतेत."

* * *

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या वर्षीच्या नकाशात काकांच्या बीटच्या मधोमध एक लाल ठिपका आला. लहानसाच, चार चौकोनांचा. पण लाल म्हणजे लाल. लाल म्हणजे माणूस. तो जाऊन बघितल्याशिवाय नकाशा पूर्ण होत नाही, म्हणून आम्ही निघालो.

काका पुढे चालत होते. चेहरा उतरलेला. "बाई, तिथं कोनी येत नाही जी. मी रोज जातो ना."

गेलो तर खरंच काही नव्हतं. वाऱ्याने एक म्हातारं येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड पडलेलं, त्यामुळे वर आभाळाची खिडकी झालेली. बस. पण साहेबांना जागेचं नेमकं रीडिंग हवं होतं आणि आजूबाजूच्या फांद्यांमुळे जीपीएस नीट लागेना. त्याला वर मोकळं आभाळ लागतं.

"या चार फांद्या काढा," साहेब म्हणाले.

काका म्हणाले, "साहेब, इथं फांदी तोडता येत नाही जी."

"अहो, जंगलाच्याच कामासाठी आहे."

फांद्या गेल्या. मग रीडिंग घ्यायला टेबल लागलं, टेबलाला सपाट जागा, म्हणून थोडं झुडूप काढलं. गजूभाऊने तिथपर्यंत गाडी आणली आणि अर्थातच तोंड घराकडे करून ठेवली, सात वेळा मागे-पुढे करून. मग तीन दगडांवर चहा झाला. जेवण झालं. आम्ही फॉर्मवर लिहिलं, "मानवी हस्तक्षेप आढळला नाही," आणि समाधानाने परत आलो.

निघताना साहेबांनी काकांना एक डायरी दिली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाडजूड. म्हणाले, "कवडूभाऊ, इथे कोण येतं, काय करतं, सगळं लिहीत जा. एक गोष्ट सोडायची नाही. डेटा बोलतो."

"लिवतो जी," काका म्हणाले. काका सातवी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं.

* * *

पुढच्या वर्षी ठिपका मोठा झाला. चाराचे नऊ चौकोन.

ठिपका मोठा म्हणून टीम मोठी. दोन गाड्या, आणि नागपूरहून एक ड्रोनवाला. ड्रोनला उतरायला गोल जागा लागते म्हणून थोडं आणखी साफ केलं, चुन्याने गोल आखला. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरलाही गजूभाऊने सल्ला दिला की तोंड घराकडे ठेव. त्याने ठेवलं.

ड्रोन उडाला तो सुरेख. दोन मिनिटं आमच्या टाळ्याच काय त्या वाजायच्या बाकी होत्या. मग एक कोतवाल पक्षी आला. मुठीएवढा. पण त्याचं घरटं जवळ असावं. त्याने ड्रोनला अशा काही टोचा मारल्या की ड्रोनवाल्याच्या हातातला रिमोट राहिला हातात आणि ड्रोन गेला तिरका तिरका झाडांवरून, थेट एकोडीच्या दिशेने.

शोधत शोधत तलावावर पोहोचलो. पाळीवर, म्हणजे बांधावर, मासेमार ढीवर मंडळी जाळं ओढत होती आणि जाळ्यात मासोळ्यांसोबत ड्रोन.

"तुमचा हाये का जी?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

ड्रोनवाला म्हणाला, "हो, हो, आमचाच आहे."

म्हातारा ड्रोन उलटा-सुलटा करून बघत होता. चार पाय, पाती, पोटाखाली काचेचा डोळा. "घेऊन जा बाप्पा. आमच्यात नाही खात."

डायरीत काकांनी त्या दिवशीची नोंद केली. मी नंतर वाचली. "दोन गाड्या. चौदा माणसं. गोल जागा साफ केली. पाखरू उडवलं, कोतवालानं पाडलं. चहा झाला."

* * *

त्याच्या पुढच्या वर्षी सोळा चौकोन. आणि आता वरून कागद आला. काकांच्या बीटमध्ये अतिक्रमण वाढत आहे, आरोपी अज्ञात, गुन्हा प्रलंबित. फाईलवर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "गुन्ह्याचा निकाल लागल्यावर सादर करावे." पेन्सिलीने लिहिलं म्हणजे दगडावर लिहिलं, हे ऑफिसात काम केलेल्याला सांगायला नको.

काका ऑफिसात आले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. रागावलेसुद्धा नाहीत. "मी कुठं कमी पडलो बाई? रोज जातो, रोज पाहातो. कोन येऊन राहिलं तिथं?"

तो ठिपका मीच तर दर वर्षी लाल करत होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे काय करावं ते सुचत नव्हतं.

साहेबांनी मात्र मनावर घेतलं. म्हणाले, "आरोपीला रंगेहाथ पकडू." झाडाला कॅमेरा बांधला. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा. महिनाभराने कार्ड आणून मी ते ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं.

अस्वल. सांबर. पुन्हा अस्वल. नीलगाय. रानडुकरांचं अख्खं कुटुंब. आणि माणसांचे सत्तेचाळीस फोटो.

साहेब खुर्चीतून उठले. "दाखव. एक एक दाखव."

पहिला फोटो, साहेब छत्री घेऊन कॅमेरा चालू आहे का बघतायत. दुसरा, साहेब छत्री घेऊन बॅटरी बघतायत. तिसरा, मी बिस्किट खातेय. चौथा, गजूभाऊची गाडी मागे येतेय. पाचवा, गाडी पुढे जातेय. असे सत्तेचाळीस. शेवटचा फोटो गजूभाऊचा, झाडाआडून बाहेर येताना. तो त्याने लगेच पुढे ढकलायला लावला.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "हे आपले आहेत. हे डिलीट कर. बाकीचे दाखव."

"बाकी अस्वल आहे साहेब," मी म्हटलं.

* * *

मग शेवटची जागेची तपासणी. महिन्याच्या आत आरोपीचं नाव आलं नाही तर फाईल कायमची परत, असं वरून कळलं होतं. साहेबांनी आम्हाला पुरावे गोळा करायला लावले. मिळालं बरंच. काळे पडलेले तीन दगड. बिस्किटाचे कागद. कागदी कप. आणि पाल्याखाली एक स्टीलचा चमचा.

साहेबांनी चमचा रुमालाने पुसला आणि त्यांचा चेहरा उजळला. दांड्यावर नाव घातलेलं होतं. "सौ. शोभा."

"सापडलं," ते म्हणाले. "बाई आहे. नाव शोभा."

आमच्या घरात वाटीपासून परातीपर्यंत सगळ्यावर हेच नाव आहे. तो चमचा माझ्या डब्यातला होता. तिथल्या पहिल्याच फेरीत हरवला होता. आई अजून विचारते, सणावाराला तर पाहुण्यांसमोर विचारते. मी तोंड उघडलं आणि पुन्हा बंद केलं. नोकरी कंत्राटावरची, मी घाबरले. ते माझं चुकलं.

साहेबांनी काकांना चमचा देऊन एकोडीला पाठवलं. गावात शोभा किती? काका संध्याकाळी परत आले. "सात हायेत जी. सहा म्हनल्या आमचा नाही. सातवी म्हनली माझाच हाये, द्या."

सातवी म्हणजे शोभाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी शोभा.

"कबुली झाली," साहेब म्हणाले. कपाटातून गुन्ह्याचा फॉर्म काढून काकांसमोर ठेवला. "लिहा नाव. आजच पाठवू. कवडूभाऊ, तुमची फाईल सुटली."

आता बघा. काकांना फक्त एक नाव लिहायचं होतं. आठ वर्षांचा ड्रेस पेटीत, महिना संपत आलेला, साहेब स्वतः सांगतायत, आणि बाई स्वतः कबूल झालेली. काकांनी पेन उचललं, नीट झाकण काढलं, आणि तसंच हातात धरून बसले. खाली मशीन कर्र कर्र करत होतं.

"नाही जी," ते म्हणाले.

"का?"

"ते बाई मागच्या हप्त्यात माही सायकल बी माझीच म्हने. तिले आंगनातून देवळापर्यंत येता येत नाही, जंगलात कशी जाईल? फाईल ऱ्हाऊ द्या साहेब. खोटं नाव मी लिवत नाही."

पेनाचं झाकण लावून त्यांनी ते साहेबांसमोर ठेवलं. मला इतकी लाज वाटली की मी उभीच राहिले.

"साहेब, चमचा माझ्या आईचा आहे."

साहेबांनी डोळे बारीक केले. "म्हणजे अतिक्रमण तुझ्या आईने केलं?"

"नाही साहेब. चमचा माझ्या डब्यातला. आपण जेवलो ना तिथे, पहिल्या फेरीला."

मग काकांनी पिशवीतून लाल डायरी काढली. इतकी वर्षं कोणी ती मागितली नव्हती आणि काकांनी स्वतःहून दिली नव्हती. साहेबांनी लिहायला सांगितलं होतं, दाखवायला सांगितलं नव्हतं. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, शाळेत धडा वाचतात तसं, स्वर न बदलता.

"सकाळी अकरा. साहेब आले. म्याडम आल्या. येनाच्या चार फांद्या तोडल्या, जीपीएस लागावं म्हणून. झुडपं काढली, टेबल लागावं म्हणून. गजूनं गाडी सात डाव फिरवली. चहा झाला."

"सकाळी दहा. दोन गाड्या. चौदा माणसं. गोल जागा साफ केली..."

"सकाळी अकरा. साहेब कॅमेरा बांधायला आले. कॅमेऱ्याला दिसत नव्हतं म्हणून धावड्याचं रोपटं काढलं. चहा झाला."

"सकाळी अकरा. साहेब कॅमेरा पाह्यला आले. चहा झाला."

वाचत गेले, वाचत गेले. मधल्या सगळ्या पानांवर फक्त "कोणी आलं नाही" असं लिहिलं होतं, तेही त्यांनी वाचलं. मी नकळत स्क्रीनवर तिन्ही वर्षांचे नकाशे उघडून ठेवले होते. चार चौकोन, नऊ चौकोन, सोळा चौकोन. गजूभाऊ दारात उभा होता, तो हळूच जिन्यात जाऊन बसला.

वाचून झालं. काकांनी डायरी मिटली, टेबलावर ठेवली आणि साहेबांकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, "डेटा बोलला जी."

साहेब खूप वेळ खिडकीतून हायवे बघत बसले. माणूस वाकडा नाही हो आमचा, फक्त नकाशातून बाहेर यायला त्याला वेळ लागतो. मग त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला, पेनाचं झाकण काढून पेन काकांच्या हातात दिलं.

"लिहा. आरोपी क्रमांक एक, महाजन."

काका लिहायला लागले. आरोपी क्रमांक दोन मी. तीन गजूभाऊ, जिन्यातूनच ओरडून म्हणाला, "माहा चहापुरता लिवा, बाकी मी काही नाही केलं." मुद्देमाल, चमचा एक. मग काकांचं पेन एका रकान्यावर थांबलं.

"साहेब, गुन्ह्याचा उद्देश काय लिवू जी?"

साहेबांनी विचार केला. खरंच प्रामाणिकपणे केला.

"जंगल वाचवणे," ते म्हणाले.

काकांनी लिहिलं. आम्ही तिघांनी खाली सह्या केल्या. वरून आम्हाला लेखी समज आली, गुन्हा निकाली निघाला, आणि फाईल हलली. चमचा मुद्देमालात सीलबंद झाला. आईला मी सांगितलं की तो सरकारजमा आहे, तर तिने विचारलं, "मग पावती कुठंय?"

* * *

काकांची ऑर्डर दिवाळीच्या आधी आली. कायम. आम्ही पेढे वाटले, गजूभाऊने तर भांड्यांच्या दुकानातून एक तांब्या घेऊन त्यावर काकांचं नाव घालून दिला. काका खाकी घालून एकोडीच्या चौकातून गेले म्हणे. एकदा नाही, चारदा. चौथ्यांदा लोक म्हणाले, काही विसरलं का काका.

हिवाळ्यात नवी इमेज आली. ठिपका होता तेवढाच, पण कडेने किंचित फिकट झाल्यासारखा वाटत होता. वाटत होता म्हणून चालत नाही. खात्री करायला हवी. साहेबांनी या वेळी सगळं कमी केलं. एकच गाडी, टेबल नाही, ड्रोन नाही, डबासुद्धा नाही. फक्त साहेब, मी आणि गजूभाऊ. छत्री होती.

बीटच्या तोंडाशी बांबूचं फाटक आहे. फाटकाशी काका उभे. खाकी ड्रेस दोन बोटं ढिला, पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक, टोपी कपाळावर बरोबर. मला भरून आलं. आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते अंगावर घालून माणूस समोर उभा होता. मी खाली उतरून म्हटलं, "काका, किती छान दिसताय!"

"हो बाई," ते म्हणाले. फाटक उघडलं नाही.

साहेब म्हणाले, "कवडूभाऊ, पाच मिनिटांचं काम आहे. रीडिंग घेतो आणि निघतो."

काकांनी काखेतून वनगुन्ह्यांचं रजिस्टर काढलं. बोट ओलं करून एक एक पान उलटलं, आमच्या फॉर्मची प्रत डकवली होती तिथे थांबले आणि रजिस्टर साहेबांकडे फिरवलं.

"सई तुमचीच हाये ना जी?"

"हो, माझीच."

"आरोपी नंबर एक. म्याडम दोन. गजू तीन." त्यांनी रजिस्टर मिटलं. "आत सोडता येत नाही साहेब. नाराज नका होऊ. मी आता कायम हाये."

साहेब छत्रीखाली उभे राहिले. मग त्यांनी मान हलवली, एकदा, आणि गाडीत जाऊन बसले. गजूभाऊला गाडी फिरवावीसुद्धा लागली नाही, कारण त्याने ती आधीच घराकडे तोंड करून लावली होती.

मी बसता बसता मागे बघितलं. काका फाटकाच्या खांबावर डायरी टेकवून लिहीत होते. जानेवारीत डायरी ऑफिसात आली तेव्हा मी ते पान आधी उघडलं.

"सकाळी दहा. जुने आरोपी आले. परत पाठवले. चहा झाला नाही."